पुराना नजला

मला नेमकं काय झालं होतं, हे मला आजही धड सांगता येत नाही. नाक बंद होतं, कपाळ ठणकत होतं, केर काढायला वाकलं की डोळ्यांमागे कुणीतरी वरवंटा सरकवतंय असं वाटायचं, एवढं पक्कं आठवतं. पण त्याला म्हणायचं काय, यावर आमच्या घरात कधी एकमत झालं नाही. मुलं विचारतात, "आई, तुला सायनस केव्हापासून आहे गं?" मी सांगते, "भोपाळपासून." ती हसतात. हसू देत बापडी.

आमचं लग्न झालं तेव्हा महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, आणि यांना नोकरी लागली भोपाळच्या नव्या सरकारी कारखान्यात. सासूबाई पुण्यात भेटेल त्याला सांगायच्या, "आत्ता कुठे आपलं राज्य मिळालं, तर हा ते सोडून चाललाय." पिपलानीत आम्हाला क्वार्टर मिळालं, पण निम्मी वसाहत अजून बांधायचीच होती. दिवसभर ट्रक, खडी, सिमेंट, चुना. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता यायचं. त्या धुळीत पहिल्याच थंडीत माझं नाक जे बसलं ते बसलंच.

कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी माझं कपाळ आणि गाल दाबून पाहिले. म्हणाले, "सायनस."

मी घाबरून विचारलं, "ये कैसे होता है?"

"सायनस तो सबके होते हैं," ते म्हणाले, आणि कागदावर एक चेहरा काढून त्यात खोल्या दाखवल्या. चेहऱ्याच्या हाडांत पोकळ्या असतात, त्यांची बारीक दारं नाकात उघडतात, आतला ओलावा तिथून वाहून जातो. दारं सुजली की सगळं आतच कोंडतं आणि दुखतं. मला ते समजलं, निदान समजल्यासारखं वाटलं. आमच्या न्हाणीघराची मोरी त्याच आठवड्यात तुंबली होती. घरी येऊन मी यांना सांगितलं, "सायनस सगळ्यांना असतो."

"मग औषध कशाला?" हे म्हणाले.

मी पिशवीतून बाटली काढून दाखवली.

औषध म्हणजे नाकात घालायचे थेंब. ते टाकले की दारं सताड उघडायची! थोडेच दिवस वापरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण नाक बंद झालं की माझा हात बाटलीकडे, पुन्हा बंद झालं की पुन्हा बाटलीकडे. हळूहळू नाक मिटायच्या वेळा वाढत गेल्या. मी म्हणायची, आजार वाढतोय बाई, आणि आणखी थेंब टाकायची.

अशात सासूबाई आल्या. टांग्यातून उतरल्या उतरल्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं बाई, हे काय तोंड झालंय! हिला इथली हवा मानवत नाही. मी हिला पुण्याला घेऊन जाते. बरी झाली की पाठवीन."

हे टांगेवाल्याला पैसे द्यायला वळले. बरी झाली की पाठवीन, आणि डॉक्टर तर म्हणाले होते की हे दुखणं येत-जात राहतं. म्हणजे मी पुण्यात, हे इथे, आणि आमचा संसार पोस्टाने. मला जायचं नव्हतं. पण नव्या सुनेने सासूला "मी येत नाही" म्हणायचं कसं? शेवटी यांना स्वयंपाकघरात गाठलं आणि हळूच म्हटलं, "त्यांना सांगा, मला नेऊ नका."

बंद नाकातून ते बाहेर पडलं ते असं: "त्यांदा सांगा, बला देऊ दका."

हे म्हणाले, "बरं." माझ्या जिवात जीव आला. बाहेर जाऊन यांनी आईला सांगितलं, "तिला ते थेंब नकोत म्हणतेय. देऊ नका." आणि बाटली कपाटात टाकून कुलूप लावलं. मी चुलीपाशी तशीच उभी. आता पुन्हा समजावायला जावं तर त्यातही 'म' आणि 'न' येणारच.

सासूबाईंना मात्र हुरूप आला. "डॉक्टरची औषधं नकोत ना? मग हकिमाला दाखवू." दूधवाल्याने जुन्या शहरातल्या एका हकिमाची शिफारस केलीच होती. दुसऱ्या दिवशी सासू-सुना सिटी बसने तिकडे. हकीमसाहेबांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, काढ्याची पुडी बांधली आणि शांतपणे म्हणाले, "नजला है. पुराना है. आबोहवा बदलकर देखिए."

बाहेर येताच सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "ऐकलंस? नजर आहे. पुरानी."

मीही तेच ऐकलं होतं. नजर असेल तर 'पुराना' कसं, असं क्षणभर मनात आलं. पण हिंदीत मनगटावरचं घड्याळसुद्धा बाई असते, तर नजर बुवा असायला काय हरकत, म्हणून मी नाद सोडला.

"पुरानी म्हणजे लग्नातलीच," सासूबाई बसमध्ये म्हणाल्या. "आणि हवा बदला, असं तोसुद्धा म्हणाला. परवाच निघू. त्याआधी नजर काढते."

संध्याकाळी शेगडीवर मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या पडल्या. मिरच्यांचा वास आला तर नजर नाही, वास आला नाही तर नजर आहे, अशी परीक्षा. मी दाराशी तोंडावर पदर घेऊन बसलेली.

"येतोय वास?"

"दाही."

"बघ!" सासूबाईंना ठसका लागला. "अजिबात... वास... नाही! केवढी जबर नजर!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि मी कोरडी ठणठणीत. आता तर माझाही विश्वास बसायला लागला.

तेवढ्यात समोरच्या वहिनी धावत आल्या. त्या नागपूरच्या. राजधानी भोपाळला आली तशा नवऱ्याच्या बदलीबरोबर आलेल्या; पुढे त्यांचं नागपूर महाराष्ट्रात गेलं आणि त्या इथेच राहिल्या. "काय जाळून राहिल्या बाप्पा? आमच्या घरी सारे खोकून राहिले!"

"नजर काढतेय हिची. हकिमानेच सांगितलं."

"हकीम नजर सांगते? शब्द काय होता त्याचा?"

"'नजला है, पुराना है.' त्यांच्यात नजरेला नजला म्हणत असतील."

वहिनींनी आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्या भिंतीला टेकून हसायलाच लागल्या. "अहो काकू, नजला म्हणजे पडसं! जुनं पडसं सांगितलं त्याने तुम्हाला!"

"पडसं?" सासूबाई म्हणाल्या.

"पडसं."

मी फसवून सून झाले असावे, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्यात हे कामावरून आले आणि धुरातूनच म्हणाले, "पुण्याची तिकिटं काढू ना?"

"काही नको," सासूबाई कडाडल्या. "पडशासाठी सून घेऊन जाऊ? लोक विचारतील काय झालं, तर काय सांगू, शेंबूड?"

हे माझ्याकडे वळले. "मला वाटलं तुलाच जायचंय. दोन दिवस तोंड पाडून बसली होतीस."

"पाडलं दव्हतं," मी म्हटलं. "सुजलं होतं."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं, थेंब बंद केलेत का? हे छातीठोकपणे म्हणाले, "मी बंद केले." शाब्बास, डॉक्टर म्हणाले, थेंबांमुळेच सूज वाढत होती. आता वाफ घ्यायची, उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, धुळीत डोक्याला रुमाल बांधायचा आणि धीर धरायचा. हळूहळू एक नाकपुडी उघडली, मग दुसरी. नंतर पुन्हा पहिली मिटली. तेव्हापासून त्यांचं तसंच चाललंय.

पण हिला वाफ देणार कोण, म्हणून सासूबाईंनी आपला मुक्काम होळीपर्यंत वाढवला. पुण्याला मी गेले नाही, पुणंच आमच्या पुढच्या खोलीत अंथरूण टाकून राहिलं. संध्याकाळी हे म्हणायचे, "चल, जरा चक्कर मारून येऊ," की मी चपला घालायच्या आत आतून आवाज यायचा, "कान बांध गं! आणि थांबा, मीही येते."