आज न्हावऱ्यात आधी माझंच वजन केलं

मंडळी, मी वरवंडची. लठ्ठपणा आणि हृदयविकार यांवर संशोधन करते आणि स्वतः जाड आहे.

आज त्याच कामासाठी न्हावरे गावात लोकांचं वजन, बीपी तपासत होते. रांगेतले एक किडकिडीत आप्पा ओरडले, "मॅडम, आधी सोताचं वजन कमी करा, मग आमाला शिकवा!" सगळे हसले.

एरवी मी गप्प बसते. आज सगळ्यांसमोर काट्यावर चढले आणि मोठ्यानं सांगितलं, "ब्याण्णव किलो! आप्पा, माझे वडील तुमच्यासारखेच बारीक होते. हार्ट अटॅकनं गेले. वरून बघून आतलं कळत न्हाई, म्हणून तपासते. या."

आप्पांनी हात पुढं केला. बीपी बरंच वाढलेलं निघालं. "उद्या दवाखान्यात जातो," म्हणाले.

बाईचं म्हणणं ऐकायच्या आधी तिचं अंग का बघता, सांगेल का कुणी?