माळावरची ती चाळीस मिनिटं

माझी बायको मंगल गेली तेव्हा मी तिच्यापासून जेमतेम तीनशे पावलांवर होतो. बाभळीच्या आडोशाला पोटावर पडून लांडग्याचे फोटो काढत होतो. एवढं एक वाक्य कागदावर उतरवायला मला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत मी देवघरातला दिवा लावला नाही, देवळाची पायरी चढलो नाही आणि कॅमेऱ्याची बॅग कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली ती ठेवलीच. लोक भेटायला यायचे, म्हणायचे, देवाची इच्छा. मी मान हलवायचो. मनात म्हणायचो, देवाला कशाला मध्ये आणता, ही माझी करणी आहे.

मी बारामतीत हायस्कूलवर विज्ञान शिकवायचो. निवृत्तीला चार वर्षं उरली असताना मला फोटोग्राफीचं वेड लागलं. दर रविवारी पहाटे उठायचं, थर्मासमध्ये चहा भरायचा आणि हमरस्ता सोडून निघायचं. कधी लोणी भापकरच्या बाजूला, कधी इंदापूर तालुक्यातल्या माळांवर. कॅनॉलच्या कडेचे कच्चे रस्ते, दोन्ही बाजूंनी ऊस आणि मग अचानक ऊस संपून उघडं पडलेलं सोनेरी गवत. त्या गवतात चिंकारा असतात, कोल्ह्यासारखं छोटं खोकड असतं, धाविक पक्षी असतो, आणि नशीब असेल तर लांडगा. मंगल प्रत्येक वेळी बरोबर असायची. तिला फोटोत काही रस नव्हता. रस्त्यात शेंदूर फासलेला दगड दिसला तरी ती गाडी थांबवायला लावायची, उतरून हात जोडायची. मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसायचो आणि म्हणायचो, "अगं, उजेड वर येतोय." ती हसून परत यायची. कधी रागावली नाही.

त्या जानेवारीतल्या सकाळी लासुर्ण्याच्या अलीकडून माळाकडे वळणाऱ्या रस्त्याला आम्ही होतो. सहा महिने मी एका लांडग्याच्या मागावर होतो. उंचवट्यापलीकडे तो दिसल्याचं एका गुराख्यानं सांगितलं होतं. मी गाडी लिंबाखाली लावली. मंगल म्हणाली, "मला जरा मळमळतंय, मी बसते हितंच. तुम्ही जाऊन या." मी म्हणालो, "पाचच मिनिटं." फोन आवाज करेल म्हणून मी तो मुका केला.

पाच मिनिटांची चाळीस झाली. लांडगा आला. उन्हात उभा राहिला, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो मला मिळाला. मी जवळजवळ पळतच परत आलो. मंगल पुढच्या सीटवर डोकं काचेला टेकवून बसली होती. मला वाटलं, झोपली. गाडी चालू केली आणि मी तिला सांगत सुटलो, तो कसा आला, कान कसे टवकारले होते, ऊन कसं नेमकं तोंडावर पडलं होतं. कॅनॉलचा पूल येईपर्यंत मी बोलत होतो. पुलावरच्या खड्ड्यात गाडी आदळली, तिची मान खाली पडली, आणि तेव्हा मला कळलं.

डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, तुम्ही शेजारी असता तरी फार काही करता आलं नसतं. मी ते ऐकलं आणि विश्वास ठेवला नाही. कारण संध्याकाळी, सगळं आटोपल्यावर, मी फोन बघितला. त्यावर तिचा एक कॉल येऊन गेलेला होता. सात बावन्न. एकच. त्या वेळी मी श्वास रोखून लांडग्याकडे बघत होतो. हे मी कुणालाच सांगितलं नाही. माझी मुलगी ऋतुजा पुण्याहून धावत आली, महिनाभर राहिली, पण तिलाही नाही. तिनं नंतर एकदा विचारलं, "बाबा, आईचे चांगले फोटो पाठवा ना, मला एक मोठा करून लावायचाय." मी कॉम्प्युटर उघडून बसलो. चिंकाऱ्यांचे हजारो फोटो होते. मंगलचे सात होते, आणि त्यातल्या चारांत ती पाठमोरी होती. त्या दिवशी मी देवघराची दारं लावून घेतली. तिच्या देवाला मला तोंड दाखवायचं नव्हतं, आणि त्याचं तोंड मला बघायचं नव्हतं.

डिसेंबरात एका सकाळी मी लासुर्ण्याला निघालो होतो. जुन्या सहकाऱ्याच्या नातवाचं बारसं होतं. हमरस्त्यानंच जाणार होतो. त्या माळाचा रस्ता मी जन्मात पुन्हा धरणार नव्हतो. पण कारखान्याकडे जाणारी उसाची ट्रॉली वाटेत आडवी झाली होती आणि सगळा रस्ता उसानं भरला होता. एकजण हातवारे करून गाड्या वळवत होता. माझ्या काचेशी वाकून म्हणाला, "सर, दोन तास तरी लागत्याल बघा. माळावरनं जावा, रस्ता चांगला झालाय आता."

"दुसरा रस्ता नाही का?" मी विचारलं.

"न्हाय वो. ह्योच जवळ पडतोय."

मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या. परतायलाही जागा नव्हती. मी वळलो. ठरवलं, नजर रस्त्यावरून हलवायची नाही, लिंब दिसला तरी थांबायचं नाही, सरळ निघून जायचं.

लिंबाजवळच रस्त्यावर मेंढ्या आल्या. शे-दीडशे असतील. गाडीच्या चारी बाजूंनी लोकर आणि धूळ. मला पुढं जाता येईना, मागं येता येईना. तिथंच, जिथं अकरा महिन्यांपूर्वी गाडी लावली होती, तिथंच मी अडकून बसलो. डोळे मिटून घेतले.

काचेवर कुणीतरी टकटक केली. सत्तरीच्या पुढची एक म्हातारी होती. हिरवं लुगडं, हातात काठी, कपाळावर भंडारा. मी काच खाली केली. तिनं माझ्याकडे बघितलं, मग मागच्या काचेवर चिकटवलेल्या हरणाच्या चित्राकडे बघितलं.

"मंगलताईचं मालक का तुमी?"

मी मान हलवली. ती म्हणाली, "खाली या दादा. मी वाट बगत हुते तुमची."

तिचं नाव ताराबाई. दिवाळीनंतर त्यांची मेंढरं या माळावर येतात आणि चैत्रात परत निघतात. लिंबाच्या पलीकडे, रस्त्यावरून दिसणार नाही असं, चार दगडी पायऱ्यांचं बिरोबाचं ठाणं आहे. तिथं तिनं मला नेलं. मी इतक्या वेळा त्या रस्त्यानं गेलो होतो, पण ते ठाणं मी पाहिलेलं नव्हतं. मंगलनं पाहिलं होतं. ताराबाईनं पायरीवर हात ठेवून दाखवलं, "हितं बसली हुती ती."

"त्या दिवशी?"

"व्हय. गाडीतनं उतरून आली. दर्शन घेतलं. म्हनली, मावशी, पित्त झालंय, जीव घाबरतोय. मी तिला लिंबू पिळून पानी दिलं. जरा बरं वाटलं तिला. मग बोलत बसलो दोघी."

मी त्या पायरीवर बसलो. अकरा महिने माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं, बंद गाडीत एकटी घुसमटणारी मंगल. ती एकटी नव्हती. तिला कुणीतरी पाणी दिलं होतं. माझ्या घशातून जो आवाज आला तो माझा मलाच ओळखू आला नाही. माझं रडून होईपर्यंत ताराबाई मेंढरांकडे बघत उभी राहिली.

"तिनं फोन केला होता मला," मी शेवटी म्हणालो. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो.

"मीच लाव म्हनलं. मालकाला बोलवून घे म्हनलं. तिनं लावला आन् लगीच बंद केला. म्हनली, राहू द्या मावशी, लांडगा बुजंल." ताराबाईनं काठी पायरीला टेकवून ठेवली. "मी म्हनलं, आगं, त्या लांडग्यात काय ठिवलंय? तर हसली. म्हनली, मला कुठं काय कळतंय त्यातलं. पर जनावर दिसलं की आमच्या ह्यांचं तोंड ल्हान पोरावानी हुतं. त्ये बगायला येते मी."

ऊन वर चढत होतं. मेंढ्या गवतात पांगल्या होत्या. ताराबाईनं पदरानं डोळे पुसले आणि एकदम विचारलं, "घावला का मग त्यो?"

"घावला," मी म्हणालो.

"बरं झालं. लई वाटत हुतं तिला."

मला वाटलं, तिचं सांगून झालं. पण ती माझ्याशेजारी खालच्या पायरीवर बसली, आणि तिचा चेहरा बदलला. "दादा, मी चुकले. मेंढरं उसात शिरली म्हनून मी उठले. ती म्हनली, जावा, मी गाडीत पडते जरा. मी तिच्या कपाळाला भंडारा लावला आन् गेले. गाडीपतूर नीट चालत गेली ती. हात केला मला. चार दिसांनी कळलं, ती बाई गेली. तवापासनं जिवाला घोर हाय. मी पित्त म्हनून बसले. तुमाला हाक मारली असती तर? माझ्यामुळंच गेली ती."

भंडाऱ्याचं ऐकलं आणि मला दवाखाना आठवला. मंगलच्या कपाळावर पिवळं काहीतरी होतं, ते नर्सनं ओल्या कापसानं पुसलं होतं. तेव्हा ते काय आहे हे विचारायचंही मला सुचलं नव्हतं.

मी ताराबाईचे हात धरले. खरखरीत, काठी धरून घट्टे पडलेले हात. म्हणालो, "मावशी, असं मनात आणू नका. तुम्हाला कसं कळणार होतं? डॉक्टर म्हणाले, कुणालाच काही करता आलं नसतं. तुम्ही तिला पाणी दिलंत, तिच्याशी बोलत बसलात. तुमची काही चूक नाही. तिची वेळ भरली होती."

मी हे बोलत होतो आणि मला माझाच आवाज ऐकू येत होता. हेच डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, हेच ऋतुजा सांगत होती, आणि मी ते एकदाही आत घेतलं नव्हतं. या म्हातारीला मी मनापासून माफ करत होतो. खरं तर माफ करण्यासारखं काही नव्हतंच. मग मला तरी कुणी कसली शिक्षा द्यायची होती? मी बिरोबाकडे बघितलं. भंडाऱ्यानं पिवळा झालेला एक दगड, त्यावर वाळलेली दोन फुलं. मी काही मागितलं नाही. काही दिसलं नाही, आवाज आला नाही. फक्त छातीवर अकरा महिने ठेवलेला हात कुणीतरी उचलून घ्यावा तसं झालं. ताराबाईनं माझ्याही कपाळाला भंडारा लावला. कुणाच्या तरी हातानं कपाळाला काही लागण्याची ती माझी कित्येक महिन्यांतली पहिली वेळ होती. तिनं विचारलं, "आता जाऊ ना मी, दादा?" जणू मी परवानगी दिल्याशिवाय ती जाऊ शकत नव्हती. मी वाकून तिच्या पाया पडलो.

बारशाला मी पोचलो तेव्हा पंगत उठली होती. मित्रानं कपाळावरचा भंडारा बघितला आणि मला ताट वाढून दिलं. दुपारी घरी आलो. देवघराची दारं उघडली, धूळ पुसली, समई घासली, वात लावली. मला मंत्र येत नाहीत, ते तिचं काम होतं. मी नुसता बसून राहिलो.

मग ऋतुजाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. मळमळतंय म्हणाली होती ते, पाच मिनिटांची चाळीस कशी झाली ते, सात बावन्नचा तो कॉल, पुलापर्यंतचं माझं बोलणं. ताराबाईचं मग सांगितलं. आधी माझं. मला वाटलं, आता ती जे म्हणेल ते ऐकून घ्यायचं. मला तेवढं सोसायला हवं.

"इतके दिवस एकटेच घेऊन बसलात होय हे?" ती रडत होती. "बाबा, मला आधी सांगायचं ना."

त्या ट्रॉलीला, त्या मेंढ्यांना काय म्हणायचं हे मला कळत नाही. योगायोग म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. मला एवढंच कळलं, की अकरा महिने मी दुःख करत नव्हतो, हिशेब तपासत होतो. मी थांबलो असतो तर, मी फोन उचलला असता तर. प्रत्येक वाक्यात मीच होतो. जणू तिचं जगणं आणि जाणं माझ्याच हातात होतं. ते माझ्या हातात नव्हतं हे कबूल करणं मला दोषी राहण्यापेक्षा अवघड गेलं. आता रडू येतं ते निव्वळ तिच्यासाठी येतं. घर रिकामं आहे ते रिकामंच आहे, आणि ते भरून दे असं मी देवाला म्हणत नाही. संध्याकाळी दिवा लावतो, हात जोडतो आणि म्हणतो, मी नव्हतो तेव्हा तू होतास. तिच्याजवळ कुणाला तरी बसवलंस. एवढं मला पुरे आहे.