सूनबाईचं गवत आणि फिटरकाकांचे वाटाणे

फिटरकाका रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचे हात काही रिटायर झाले नव्हते. उभं आयुष्य कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करण्यात गेलेलं. घरी बसल्यावर त्यांनी न गळणारे नळ पिळले, बिजागऱ्यांना तेल पाजलं आणि चांगलं चाललेलं घड्याळ उघडून कायमचं बंद पाडलं. शेवटी काकूंनी हात जोडले. "अहो, मागच्या अंगणात जा आणि काय ती उचकापाचक करायची ती मातीत करा. माझा मिक्सर सोडा!" असे काका वाटाण्यांकडे वळले, आणि दोघांचं असं काही जमलं म्हणता!

वाटाणा म्हणजे लाडावलेलं कार्टं. त्याला थंडी हवी, पण माती कोरडी पडलेली चालत नाही. वेल जरा वाढला की आधार हवा, नाही दिला तर शेजारच्या वेलाच्या गळ्यात पडून दोघेही जमिनीवर. फुलं धरली की पाण्याची वेळ चुकवायची नाही. शेंगा भरल्या की तोडत राहायचं, तोडाल तितक्या येतात. ठेवून दिल्या तर वेल म्हणतो, झालं माझं काम, आणि वाळायला लागतो. एवढी उस्तवार दुसऱ्या कुणाला झेपली नसती. काका मात्र सकाळी वाफ्यात शिरायचे ते काकू हाका मारून थकेपर्यंत बाहेर यायचे नाहीत.

पुढच्या अंगणात सूनबाईचं राज्य. राज्य कसलं, शोभेच्या गवताचा एक ठोंब! लग्न होऊन आली तेव्हा माहेरच्या बागेतून गोणपाटात गुंडाळून आणलेला. ती बाग तिच्या वडिलांनी लावलेली. ते गेले, घर विकलं, नव्या मालकाने बागेवर फरशी घातली. वडिलांच्या हातचं म्हणून तिच्याकडे उरलं ते एवढंच. सूनबाई दवाखान्याच्या लॅबमध्ये होती, लोकांच्या दंडातून रक्त काढायची. घरात कामापुरतं बोलायची. गवताला तिने कधी पाणी घातलेलं काकांना दिसलं नाही. "पोरीला हौस आहे, पण कष्ट नकोत," असं ते काकूंच्या कानाशी कुरकुरायचे.

तर झालं काय, सूनबाईला कामाच्या प्रशिक्षणासाठी दूर जावं लागलं, थेट थंडी सरेपर्यंत. तिचा नवरा, म्हणजे काकांचा मुलगा, ट्रकवर. तो घरी कधी असतो, कधी नसतो. निघताना ती काकांना म्हणाली, "माझ्या गवताकडे जरा लक्ष ठेवाल?"

या घरात आल्यापासून तिने त्यांच्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट! काकांची छाती फुगली. "तू निर्धास्त जा," ते म्हणाले. बिचारी खरंच निर्धास्त गेली.

काकांनी दुसऱ्याच दिवशी गवताचे लाड सुरू केले. वाटाण्याला पाणी घातलं की गवतालाही पाणी. वाटाण्याला मूठभर खत, तर गवताला टोपलीभर, कारण ते जरा हडकुळं दिसत होतं. गवत बघता बघता तरारलं, हिरवंगार झालं आणि एका सकाळी चारी बाजूंनी आडवं पडलं. काका हार मानतात होय! त्यांनी काठ्या रोवल्या, सुतळी आणली, एकेक जुडगा वाटाण्याच्या वेलासारखा बांधून उभा केला. काकू म्हणाल्या, "हे गवत आहे का हाडं मोडलेला पेशंट?" मग चंदेरी, रेशमी तुरे आले. काकांनी ते फुटतील तसे तोडले. तोडाल तितके येतात ना! एकही पुन्हा आला असेल तर शपथ. काका आपले झारी घेऊन वाट बघत उभे.

थंडी वाढली तसं गवत पिवळं पडलं, मग तपकिरी झालं. एकदा काकांनी बुडात हात घातला, तर मधला भाग बोटांखाली पिचपिचला. ते तसेच नर्सरीवालीकडे धावले.

"रोज पाणी? वर खतही?" नर्सरीवालीने कपाळावर हात मारला. "अहो काका, याला ऊन द्यायचं आणि विसरून जायचं. थंडी संपताना वीतभर बुडखा ठेवून कापायचं, चार-पाच वर्षांनी उकरून ठोंब फोडायचा. बास! थंडीत वाळतं त्याचं काही नाही. पण मधे कुजलंय म्हणता..." पुढचं तिने गिळलं.

येताना काकांच्या हातात एक पिशवी होती, तिच्यात त्याच जातीचं टवटवीत रोप. काकूंनी लगेच निकाल दिला, "लावून टाका आणि गप्प बसा. गवतासारखं गवत, तिला काय कळतंय?" काका कुदळ घेऊन जुन्या ठोंबाशी उकिडवे बसले, पण हात उचलेना. हे उकिरड्यावर टाकायचं आणि वर तोंड करून सांगायचं, बघ पोरी, कसं जपलं? तिच्या बापाच्या जागी दुसराच कुणीतरी आणून बसवायचा? छे! त्यांची त्यांनाच लाज वाटली. त्यांनी पिशवी भिंतीशी ठेवली, सुतळ्या सोडल्या आणि पाणी बंद केलं. मागे वाटाण्याला बहर आला होता, पण काकांना त्या वर्षी शेंग गोड लागली नाही.

सूनबाई आली ती फाटकातच थबकली. वाळका ठोंब, शेजारी पिशवीत हिरवं रोप, मधे काका.

"हे काय?"

काकांनी सगळं सांगून टाकलं. पाणी, खत, काठ्या, पिशवीतलं रोप कशासाठी आणलं तेसुद्धा.

"तुरे कुठे गेले?"

"तोडले. म्हटलं, तोडले की आणखी येतील. वाटाण्यासारखे."

सूनबाई पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, मग हसू ओसरलं आणि पाणी तेवढं राहिलं. काकांचं अवसान गळालं. "चुकलो गं पोरी," ते म्हणाले.

तिने डोळे पुसले, विळा मागून घेतला आणि गवत कापलं. मधोमध काळं, मेलेलं. मग जाड दंडातली शीर शोधावी तशी तिची बोटं कडेकडेने फिरू लागली. डोळे मिटलेले.

"इथे आहे," ती म्हणाली. "आणि इथेही."

पांढरे, टणक कोंब! तिने ठोंब उकरला, मधलं कुजकं काढून टाकलं आणि कडेचे जिवंत तुकडे अंतर ठेवून लावायला घेतले. "मधलं कधीतरी मरतंच, तुम्ही जरा घाई केलीत." माती दाबताना, वर न बघता ती पुढे म्हणाली, "बाबा गेल्यापासून माझ्या कुठल्या गोष्टीसाठी कुणी एवढी धावपळ केली नव्हती. सगळी चुकीची केलीत. पण केलीत."

काकांनी सवयीने झारी उचलली.

"ठेवा ती खाली! माझ्यापाशी बसा बघू."

काका बसले. ती वडिलांबद्दल सांगू लागली. ते कसे बागेत मांजरांशी भांडायचे, शेजाऱ्याची कात्री आणून परत द्यायला कसे विसरायचे. एवढं बोलताना काकांनी तिला कधी ऐकलं नव्हतं. ऊन कलेपर्यंत ते ऐकत राहिले.

काकू दारात आल्या आणि नवऱ्याला रिकाम्या हातांनी मातीत बसलेलं बघून चांगल्याच घाबरल्या. "अहो, बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय," काका म्हणाले. "फार बरं वाटतंय."