शालनला आत घेतलं तेव्हा

हे मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — तो नोकरीसाठी आठवडाभर फुजैराला असतो, आणि फोनवर असलं काही बोलता येतं का?

मी अबू धाबीतल्या एका शाळेत इतिहास शिकवते. आठवीला एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेतली गुलामगिरीविरोधी चळवळ येते. भाषणं करणारे पुढारी मुलांना फारसे आवडत नाहीत. आवडतात ती साधी माणसं — कायदा विरुद्ध असताना पळून आलेल्यांना तळघरात, माळ्यावर लपवणारी. मीही रंगून शिकवते. यंदा एका मुलीनं विचारलं, "मिस, यू वुड हॅव हेल्प्ड देम, राइट?"

"ऑफ कोर्स," मी म्हणाले. जीभ अडखळलीसुद्धा नाही — कशी अडखळली नाही?

शालन आमच्याच मजल्यावरच्या मराठी कुटुंबाकडे कामाला होती. त्यांच्याशी आमचा घरोबा, गणपती एकत्र. तिचा पासपोर्ट त्यांच्या कपाटात असतो, हे मला माहीत होतं. तिकडून रडण्याचे आवाज यायचे, तेही. मी टीव्ही मोठा करायचे.

एका दुपारी ती दारात आली. अनवाणी, ओठ सुजलेला. "ताई, आत घ्या. एम्बसीत जायचंय मला. टॅक्सी तेवढी बोलवा."

मी तिला आत घेतलं. पाणी दिलं, स्वयंपाकघरात बसवलं. मग बेडरूमचं दार लावून फोन केला — टॅक्सीला नाही. तिच्या मॅडमला.

घाबरले होते? होते. नवऱ्याची नोकरी, व्हिसा, सगळं डोळ्यांपुढे आलं. पण खरं सांगू? त्याच्याही आधी मनात आलं — आता यांच्याशी संबंध बिघडणार. मग सणावाराला जायचं कुणाकडे?

बेल वाजली. शालन ओढणी सावरत उठली. "आली का टॅक्सी, ताई?"

"हो," मी म्हणाले.

दार तिनंच उघडलं.

पुढच्या आठवड्यात मॅडम सांगायला आल्या — तिला गावी पाठवून दिलं. "बरं झालं," मी म्हणाले. मग आम्ही दोघींनी चहा घेतला.

ते लोक पुढे कॅनडाला गेले. आता या मजल्यावर मराठी बोलणारी मी एकटीच.

शालनचं गाव माझ्या माहेरच्या रस्त्यावर आहे. दर सुट्टीत तिच्या गावाचा फाटा लागतो. मी एकदाही गाडी वळवायला सांगितलेली नाही.