आमच्या साडूंची चोरखिडकी

आपल्याच मोबाइलवर माझ्या थोरल्या साडूंइतका अविश्वास ठेवणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. उंद्रीत त्यांचं घर आमच्यापासून चार घरं सोडून. फोनला ते ‘खबऱ्या’ म्हणत. समोरच्या कॅमेऱ्यावर मोटारीच्या वायरीला लावायची काळी चिकटपट्टी, लोकेशन कायमचं बंद, आणि कपाशीचं कोणतं वाण लावू म्हणून कोणी विचारायला आलं, की आधी फोन ज्वारीच्या कोठीत टाकून वर झाकण, मग बोलणं सुरू. कुठं नाव-जन्मतारीख भरायची वेळ आली तर खरं म्हणून काही लिहायचे नाहीत. एकदा त्यांनी स्वतःला कोल्हापूरची बावीस वर्षांची मुलगी करून टाकलं. पुढे सहा महिने त्यांना नवरीच्या शालूंच्या जाहिराती येत राहिल्या. त्यातला एक शालू त्यांनी ताईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, घेऊनही दिला.

या संशयाला कारण होतं. बीटी कपाशी नवी आली तेव्हा बोंडअळीची आता चिंता नाही, असं त्यांनी बियाण्याच्या पाकिटावर चष्मा लावून वाचलं होतं. काही वर्षं ते खरंही ठरलं. मग एका हंगामात वरून टवटवीत दिसणारी बोंडं फोडली, तर आत गुलाबी अळी निवांत बसलेली. तो सबंध हंगाम ते पाठीवर पंप घेऊन फवारत होते, आणि त्यानंतरचेही कित्येक. “इकणारा गोड बोलाले लागला का समजायचं, त्यानं आपल्याले आधीच मापून ठेवलं हाय,” असं ते तेव्हापासून म्हणू लागले.

फोनमधली खाजगी खिडकी, जिच्यात आपण काय शोधलं ते फोन लक्षात ठेवत नाही, ती त्यांना मीच दाखवली. तिचं त्यांनी ‘चोरखिडकी’ असं नाव ठेवलं. पहिल्याच दिवशी तिच्यातून अळीचे पतंग पकडायचे कामगंध सापळे शोधले. दुसऱ्या दिवशी बातम्या उघडल्या तर सापळे, हवामान उघडलं तर सापळे. “सापळा मी शोधाले गेलो, अन् घावलो मीच!” असं म्हणत ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. मग पाळत ठेवणाऱ्यांना चकवायला त्यांनी उंटांचा चारा आणि जहाजांची इंजिनं शोधायला सुरुवात केली.

एका उन्हाळ्यात ते गळ्याभोवती दुपट्टा गुंडाळून फिरू लागले. उन्हात सगळेच गुंडाळतात, पण हे घरात, पंख्याखालीही. मला वाटलं, ही नवी युक्ती. “दादा, आता गळ्यावरूनही माणूस ओळखतात काय?” मी विचारलं. ते हसले नाहीत. मला तेव्हाच काही खटकायला हवं होतं.

आठवडाभरानं सकाळीच ताई आपला फोन घेऊन आमच्याकडे आल्या. त्या फोनवर भजनं ऐकतात आणि लोणच्यांच्या कृती बघतात, बाकी काही नाही.

“भाऊजी, पाहा बरं हे. चार दिवसांपासून हेच येऊन राह्यलं.”

कुठल्याशा दवाखान्याची जाहिरात होती. मानेवरची गाठ अंगावर काढू नका, वेळीच तपासणी करा.

“म्या अर्धा तास आरशासमोर गळा चाचपला. मले त काहीच नाही. मंग मलेच काऊन दाखवते?”

मला साडूंचा पंख्याखालचा दुपट्टा आठवला. मी त्यांना समजावलं, की खाजगी खिडकीत फक्त आपल्या फोनमध्ये नोंद राहत नाही, बाहेरच्यांना दिसायचं ते दिसतंच. आणि तुमचे दोन्ही फोन एकाच वायफायवर, म्हणजे जाहिरातवाल्यांच्या लेखी ते एकच घर. एकानं शोधलं की दुसऱ्यालाही दाखवतात. ताईंनी पुढचं ऐकलंच नाही. त्या उठून तरातरा घराकडे निघाल्या, आणि मी त्यांच्या मागे.

साडू अंगणात शेंगा फोडत बसले होते.

“काहो, गळ्याले काय झालं तुमच्या?”

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग दुपट्टा सोडला. जबड्याच्या खाली, डाव्या बाजूला, बोराएवढी गाठ होती. तीन आठवडे झाले होते.

“इतके वर्षं फवारलं. म्हटलं, तेच भोवलं,” ते खाली बघत म्हणाले. “तुले कसं सांगू?”

“फोनले सांगता येते, मले नाही?”



दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघं बुलढाण्याला गेलो. डॉक्टरांनी सुईनं गाठीतलं थोडं काढून तपासायला पाठवलं. रिपोर्ट यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत साडूंनी फोनला हात लावला नाही, आणि ताईंनी त्यांच्या आवडीचं सगळं करून वाढलं, पण एक शब्द बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, “चरबीची साधी गाठ आहे. घाबरण्यासारखं काही नाही.”

“फवारणीचं नाही ना?” साडूंनी विचारलं. डॉक्टर नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ताई बाहेरच्या बाकावर बसून पदराआड पोटभर रडल्या, आणि मग दवाखान्याच्या फाटकापर्यंत त्यांनी चार दिवसांचं साठलेलं सगळं साडूंना सुनावलं. ते खाली मान घालून, पण अगदी समाधानानं ऐकत होते.

परतीच्या एसटीत मी त्यांच्या मागच्या सीटवर होतो. चिखली यायच्या आतच साडू झोपले. चारचौघांत बायकोशेजारी कधी धड न बसलेल्या या माणसाचं डोकं हळूहळू कलत ताईंच्या खांद्यावर टेकलं. तीन आठवड्यांची झोप होती ती. त्या तीन आठवड्यांत मी रोज त्यांच्यासोबत चहा पीत होतो, आणि मला काही कळलं नव्हतं. कंडक्टर तिकिटं बघत आला, तेव्हा ताईंनी खांदा जराही न हलवता दुसऱ्या हातानं तिकिटं पुढे केली.