चांद्या-मोऱ्याचं आवतन

पोळ्याच्या दिवशी मी बैलांच्या खांद्यावर जू ठेवलं. आधी हे कबूल करतो, मग बाकीचं सांगतो.

भूतखेत, अंगात येणं, नवस... यांवर माझा विश्वास कधीच नव्हता. आमच्या वऱ्हाडात, तेल्हाऱ्याकडे कोणी असलं काही सांगू लागलं की मी उठून जात असे. आज माझं ऐकताना कोणी तसंच उठून गेलं तर माझी तक्रार नाही.

त्या वर्षी कापसाने आम्हा सगळ्यांचीच डोकी फिरवली होती. अमेरिकेत लढाई जुंपलेली, विलायतेच्या गिरण्या आमच्या मालावर टपलेल्या. कापूस घेऊन मुंबईला गेलो, बंदरात एक गलबत विकाऊ दिसलं, आणि घेऊन टाकलं! काळ्या मातीतला माणूस, पोहता येत नाही, आणि गलबताचा मालक. मलबारकडून नारळ, काथ्या, मिरी आणायची आणि बायको-मुलीला घेऊन गलबतावरच राहायचं, असा बेत. त्यांना न्यायला गावी परत आलो.

नारळी पौर्णिमा झाली की समुद्र खुला होतो. पोळा त्यानंतर अमावस्येला, म्हणजे मला आधीच उशीर झालेला. आदल्या संध्याकाळी रीतीप्रमाणे चांद्या-मोऱ्याचे खांदे हळद-तुपाने शेकले आणि म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर राबलेल्या बैलांना हे जेवणाचं आमंत्रण असतं. दुसऱ्या दिवशी त्यांना पुरणपोळी चारायची, कामाला लावायचं नाही. आणि सकाळी मीच गाडी जुंपायला सांगितली.

थोरले भाऊ आडवे आले. "आवतन देऊन उपाशी जुंपते का कोणी? एक दिवस थांब ना बापू."

"बैलाले काय पंचांग समजते?" मी म्हणालो. गडी हसले. मलाही आपण फार शहाणं बोललो असं वाटलं.

आगगाडी तेव्हा अकोल्यापर्यंत आली नव्हती, ती गाठायला खानदेशाच्या बाजूला गाडीनेच जावं लागे. सगळी वाट चिखल. बैल परत न्यायला भाऊ सोबत आले.

गलबतावरचे दिवस मात्र... खोटं कशाला बोलू, सुखाचे गेले. माझी बायको यमुना वाळूच्या खोक्यात चूल मांडून रांधायची. ज्वारी संपली तेव्हा "भातानं काय पोट भरते?" म्हणून रोज कुरकुरायची आणि रोज भातच वाढायची. आमची गोदी सात-आठ वर्षांची. गलबत हाकणाऱ्या तांडेलाच्या शेजारी सुकाणूला हात लावून बसायची आणि मलाच दिशा शिकवायची. पाणी कोमट, हिरवं, तळ दिसेल असं. पावसाळा एका खाडीत काढला आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा निघालो.

मग गोदीला ताप चढला.

पुढच्या बंदरात डॉक्टर मिळेल, असं तांडेल म्हणाला. वारा असता तर एका दिवसाची वाट. पण वारा पडला. शीड ओल्या धोतरासारखं लोंबत राहिलं. खलाशांनी छोटी होडी पुढे काढून दोरीने गलबत ओढून पाहिलं. त्यांचे तळवे सोलले, आणि प्रवाह आम्हाला आणखी आत नेत राहिला. शेवटी ते होडीसह परत आले. दोरी नाळेवरून, म्हणजे गलबताच्या पुढच्या टोकावरून, तशीच पाण्यात लोंबत राहिली. माझ्याजवळ पैसा होता, माणसं होती... आणि मी काहीही करू शकत नव्हतो.

तापातच गोदीने आईला विचारलं, पोळा कधी आहे. यमुनेने बोटं मोजली. उद्याच होता. ती उठली, तुपात हळद गरम केली आणि गलबताच्या नाळेला दोन्ही अंगांनी लावली. गोदी पडल्या पडल्या पुटपुटली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी चिडलो. "कोणाले आवतन देऊन राहिल्या तुमी? बैल आहेत का इथं?"

यमुना माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी बी दिलं होतं. जेवू कधी घातलं?"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गोदी डोळे उघडेनाशी झाली. मी तिचे पाय धरून बसलो होतो. आधी घुंगरं ऐकू आली... मला वाटलं, माझेच कान वाजताहेत. मग वास आला. ओल्या काळ्या मातीचा आणि घामेजलेल्या बैलांचा. पाठोपाठ, रुतलेली गाडी निघताना बसतो तसा हिसका बसला. धावत नाळेवर गेलो. दोरी पाण्याबाहेर, सरळ पुढे ताणलेली. तिच्या टोकाला काहीच नव्हतं.

तांडेल सुकाणूवरून ओरडला, "शेट, कोण ओढतंय?"

शीड तसंच लोंबत होतं आणि किनारा जवळ येत होता. दिवेलागणीच्या आत बंदराला लागलो. गोदी वाचली.

गलबत मिळेल त्या भावाला विकून घरी आलो. मी काही सांगायच्या आधीच भाऊ मला गोठ्यात घेऊन गेले. त्याच पोळ्याला दोघांना धुऊन, झूल घालून पुढे पुरणपोळी ठेवली होती म्हणे, पण त्यांनी तोंड लावलं नाही. भर दुपारी खुंट्याशीच खूर रोवून उभे राहिले, तोंडाला फेस.

"कोणी जुंपलं नव्हतं, बापू," भाऊ म्हणाले. "झूल काढली, त खांदे सोलून निघालेले."

चांद्या त्या संध्याकाळी बसला तो उठलाच नाही.

अमरावतीचे एक शिकलेले स्नेही म्हणतात, समुद्रातला प्रवाह फिरला असेल, बैलांना रोग झाला असेल. असेलही. पण ती ताणलेली दोरी मी डोळ्यांनी पाहिली.

पुढचा पोळा आला. आदल्या संध्याकाळी मी हळद-तूप घेऊन मोऱ्याजवळ गेलो. त्याच्या खांद्यावर केस पुन्हा उगवलेच नव्हते. हात लावला तर त्याने मान फिरवली. मी थांबलो. बऱ्याच वेळाने त्याने आपणहून खांदा पुढे केला.

"चुकलं रे माझं," मी म्हणालो. "चांद्याले सांगता येत नाही, म्हणून तुलेच सांगून राहिलो. आज आवतन घे बाबा, उद्या जेवाले ये. उद्या मी कोठंच जात नाही."