सीलमधला हिरवा दोरा

पैनगंगेच्या पुरात उमरखेडजवळ बचाव बोटीची मोटर मध्येच बंद पडली, बोट उलटली आणि चालक सलीम वाहून गेला. त्याला बारा वर्षं झाली. आज नेरला पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात दाबली, बुडबुडे आले आणि त्या बोटीची मोटर उघडली ती दुपार मला आठवली.

सलीमचा थोरला भाऊ रशीदभाई ढाणकीचा मिस्त्री. बाहेर काढलेली मोटर तपासायला त्यालाच बोलावलं होतं. मी बातमीसाठी गेलो होतो. त्याने गियरचं तेल बशीत काढलं, ते दुधाळ निघालं.

"पाहा, चहा झाला याचा. पानी आत गेलं."

मग त्याने गियरच्या डब्यात सायकलच्या पंपाने हवा भरली आणि तो पाण्याच्या टाकीत बुडवला. बोट ढकलणाऱ्या पंख्यामागून बुडबुडे निघाले. पंखा काढला, तर पाणी अडवणारं सील दांड्याला गुंडाळल्या गेलेल्या हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याने कापलेलं होतं.

रशीदभाईने दोरा सोडवून हातात घेतला.

"सलीमच्या जाळ्याचा हाये. सरकारी बोटीनं मासे धरू नको म्हनलं होतं त्याले. पन जाळं मीच आनून देल्लं."

मी वही उघडली.

"भाऊ, हे लिवता काय? लोक म्हनतीन, त्यानंच बोट बुडवली."

दोरा त्याने खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी माझ्या बातमीत 'सील खराब झाल्याने' एवढंच छापून आलं.